पाको दे लुसिया ऐकणारे आहेत का इथे कोणी?

सहावी_तार

स्पेनचा फ्लॅमेंको गिटारवाला पाको दे लुसिया (फ्लॅमेंको म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणं, नाच आणि गिटार), त्याला जाऊन दहा वर्षं केव्हाच उलटली, तरी यूट्यूबवर त्याचा कुठलाही व्हिडिओ उघडा, खाली सगळ्यांचं एकच पालुपद, काय स्पीड आहे, काय स्पीड आहे. परवा आमच्या गिटारच्या ग्रुपवर कोणीतरी तो सॅन फ्रान्सिस्कोचा लाइव्ह ट्रॅक टाकला आणि झालं, सेकंदाला किती नोट्स यावर मंडळी तुटून पडली. म्हणून म्हटलं इथे धागा काढू, कारण माझं मत थोडं उलटं आहे. पाकोची बोटं मला त्याच्यातला सगळ्यात कमी इंटरेस्टिंग भाग वाटतो. तो मुळात साथीदार होता, गाणाऱ्याच्या मागे बसून वाढलेला माणूस, आणि पुढे त्याने जे काही केलं, जॅझवाल्यांबरोबर वाजवणं असो, सहा जणांचा ग्रुप म्हणजे सेक्स्टेट असो, सगळं त्या साथीच्या कानातून आलंय असं मला वाटतं.

ज्यांना तो अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव फ्रान्सिस्को सांचेस गोमेस, जन्म २१ डिसेंबर १९४७, गाव आल्हेसिरास. स्पेनच्या पार खालच्या टोकाचं बंदर, समोर जिब्राल्टर, पाण्यापलीकडे मोरोक्को. स्पेनमधे फ्रान्सिस्को म्हणजे घरात पाको, त्यामुळे गल्लीत चार-पाच पाको असणारच, मग हा कुठला तर लुसियाचा पाको, आपल्याकडे गावात शांताचा बाळ्या म्हणतात ना तसं. लुसिया म्हणजे आई, ती पोर्तुगीज. वडील अंतोनिओ दिवसा बाजारात माल विकायचे आणि रात्री गिटार घेऊन बाहेर पडायचे, लोकांच्या मैफिली, लग्नं, दारूचे गुत्ते, मिळेल तिथे वाजवून पहाटे घरी. मोठा भाऊ रामोन गिटार वाजवायचा, दुसरा भाऊ पेपे गायचा. पाकोची शाळा अकराव्या-बाराव्या वर्षीच सुटली, वडिलांनी घरात बसवून रोज तासन्‌तास रियाज करून घेतला. १९५८ ला रेडिओ आल्हेसिरासवर पहिल्यांदा वाजवला आणि पुढच्या वर्षी हेरेसच्या स्पर्धेत खास बक्षीस मिळालं, वय बाराच्या आत.

त्यानंतर होसे ग्रेकोच्या डान्स ट्रूपबरोबर अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमधे साबिकास भेटले. साबिकास म्हणजे तेव्हाचे सगळ्यात मोठे फ्लॅमेंको गिटारवाले, यादवी युद्धामुळे स्पेन सोडून गेलेले. हा पोरगा तोवर निन्यो रिकार्दो या जुन्या गिटारवाल्याची कॉपी वाजवत होता, तेव्हा तिकडे तेच चालायचं. साबिकासनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की गिटारवाल्याने स्वतःचं वाजवावं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

पण माझा मुद्दा कामारोनचा आहे. कामारोन दे ला इस्ला, जिप्सी गायक, पाकोपेक्षा तीन वर्षांनी लहान. १९६९ ते १९७७ या काळात दोघांनी जवळपास दरवर्षी एक अल्बम केला. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही क्लिप्स आहेत त्या बघा. कामारोन खुर्चीत बसलाय, डोळे मिटलेले, आणि पाको मान वाकवून गिटारला कान लावल्यासारखा. गायक नुसता 'आय' म्हणून सूर लावतो तेव्हा पाको काहीही वाजवत नाही. एक कॉर्ड टाकतो, ती विरू देतो, वाट बघतो. गायकाने ओळ संपवली की मग दोन सेकंदात जे काही भरून काढतो ते ऐकून अंगावर काटा येतो, पण परत लगेच मागे, कारण पुढची ओळ येतेय. स्पीडवाल्यांनी हे ऐकावं. एवढी बोटं असलेला माणूस बहुतेक वेळ ती वापरतच नाहीये.

तर, कोण कोण ऐकतं? काय ऐकता? भांडायला पण या.

निशिगंधा८२

वाचतेय, मस्त लिहिलंय. मी गिटारवाली वगैरे नाही पण पाको मला नकळत माहीत होता, कारण शाळेत असताना टीव्हीवर ब्रायन अ‍ॅडम्सचं ते प्रेमगीत रात्रंदिवस लागायचं, १९९५ चं, डॉन वानच्या सिनेमातलं. आम्ही मैत्रिणी ब्रायनच्या प्रेमात आणि मागे जी गिटार वाजतेय ती पाकोची हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आता ते गाणं ऐकलं की ब्रायन बाजूला राहतो आणि मी गिटारच ऐकत बसते. सुरुवात कुठून करू सांगा ना प्लीज, एकदम जड नको.

सहावी_तार

@निशिगंधा८२ ताई, 'एन्त्रे दोस आग्वास' पासून करा. १९७३ च्या अल्बममधली रुंबा आहे, म्हणजे हलकी नाचरी चाल. अल्बम भरायला एक तुकडा कमी पडत होता म्हणून ऐनवेळी स्टुडिओत वाजवून टाकली अशी गोष्ट सांगतात, आणि नेमकी तीच स्पेनभर गाजली. एका कोपऱ्यात बाँगो, बेस, आणि वर पाको आरामात फिरतोय. स्वयंपाक करताना पण ऐकू शकता. नंतर 'रिओ आंचो' ऐका, १९७६ च्या 'आल्मोराइमा' मधलं. हे दोन पचले की पुढचं सांगतो.

भाकरवडी_फॅन

हे जिप्सी लोक मूळचे राजस्थानचेच ना? फ्लॅमेंको म्हणजे आपलं कथकच तिकडे गेलेलं असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं. टाचा आपटणं सेम टू सेम. शेवटी सगळं भारतातूनच गेलंय.

मध्यलय

आलंच. मला वाटलंच होतं पहिल्या पाच प्रतिसादांत हे येणार.

भाऊ, रोमा म्हणजे जिप्सी लोक उत्तर भारतातून गेले हे भाषेवरून पक्कं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ते निघाले हजारेक वर्षांपूर्वी आणि स्पेनमधे पोचले पंधराव्या शतकात. फ्लॅमेंको ज्याला म्हणतात तो आकाराला आला त्यानंतर कितीतरी उशिरा, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, आंदालुसियात, आणि त्यात तिथली लोकगीतं आहेत, मूर लोकांचा वारसा आहे, क्यूबाहून परत आलेल्या चाली आहेत. कथकचं आजचं रूप पण तेवढं जुनं नाही. त्यामुळे कथक तिकडे चालत गेलं आणि फ्लॅमेंको झालं हे काही जमत नाही. पाको तर जिप्सी नव्हताच, तिकडच्या भाषेत पायो. जिप्सी वस्तीजवळ वाढलेला पायो.

आता माझ्या आवडीचं. मी तबला वाजवतो (वाजवायचो म्हणा, नोकरीने वाट लावली). फ्लॅमेंकोतला ताल, ते कोंपास म्हणतात, तो बघून मला पहिल्यांदा चक्कर आली होती. सोलेआ आणि बुलेरिआस हे फ्लॅमेंकोचे दोन प्रकार, दोन्ही बारा मात्रांचे. आपल्याला वाटतं एकताल असेल. एकताल दोन-दोनचे सहा भाग. यांचं तसं नाही, तीन-तीन-दोन-दोन-दोन. मोजायला सुरुवात बाराव्या मात्रेपासून: बारा एक दोन, तीन चार पाच, सहा सात, आठ नऊ, दहा अकरा. जोर कुठे, तर बारा, तीन, सहा, आठ, दहा यांच्यावर. आणि गंमत म्हणजे वाक्य संपवतात दहावर. आपण तिहाई समेवर आणून टाकतो, यांचा शेवट दहावर येऊन बसतो आणि मग अकरा रिकामी. पहिले काही महिने मला कायम असं वाटायचं की जिना उतरताना एक पायरी कमी निघाली. सिगिरिया म्हणून अजून एक प्रकार आहे, त्यात तेच चक्र दुसरीकडून सुरू होतं, दोन-दोन-तीन-तीन-दोन.

हे डोक्यात ठेवून पाकोची बुलेरिआस ऐका. तो जोर पडायच्या जागा सोडून वाजवतो, टाळ्यावाले जोर सांभाळतायत, हा मधल्या फटींत शिरतोय, तीन-चार आवर्तनं असं लटकत ठेवतो आणि दहावर धाडकन खाली. एखादा चांगला तबलजी हेच करतो. धागाकर्त्याशी मी शंभर टक्के सहमत, हा माणूस आधी लयीचा आहे.

भाकरवडी_फॅन

बरं बाबा. मी आपलं सहज म्हटलं. पण बारा मात्रांचं भारी आहे, टाळी देऊन बघतोय आणि बायको विचारतेय काय झालं.

आजोबांचा_मर्फी

लेख चांगला आहे, पण थोडं विरुद्ध मत मांडतो, राग मानू नये. मला १९७६ पर्यंतचा पाको आवडतो. त्यानंतर बासरी, सॅक्सोफोन, बेस गिटार, ड्रमसारखं ते लाकडी खोकं, आणि मग ते तीन गिटारवाले एकमेकांवर तुटून पडलेत तो प्रकार, यात फ्लॅमेंको कुठे राहिला? आपल्याकडे पण हेच झालं, फ्यूजनच्या नावाखाली प्रत्येकजण आपापली तान मारून टाळ्या घेतो. स्पेनमधल्या जुन्या लोकांनीही त्याच्यावर टीका केली होतीच, ती काही उगाच नसावी.

सहावी_तार

काका, राग कसला, याचसाठी तर धागा काढला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत मी तुमच्याशी बरंचसं सहमत आहे. ५ डिसेंबर १९८०, वॉरफिल्ड थिएटर, जॉन मॅक्लॉक्लिन आणि अल दि मेओला हे दोन जॅझ गिटारवाले आणि पाको. गाजलेला अल्बम आहे, मी पण कॉलेजात रवंथ केलाय त्याचा. पण तिथे खरंच जरा कुस्तीचा माहोल आहे, पब्लिक दर दोन मिनिटांनी ओरडतं. गंमत अशी की पाकोला स्वतःला सुरुवातीला त्या त्रिकुटात फार त्रास झाला, त्याने मुलाखतींत सांगितलंय की स्टेजवर डोकं आणि पाठ दुखायची, कारण बाकीचे दोघं जॅझच्या हार्मनीत इम्प्रोव्हाइज करतायत आणि याला ती पद्धतच शिकवलेली नाही, नोटेशन वाचता येत नाही, हा नुसता कानाने माग काढतोय. आता विचार करा, जगातला सगळ्यात नावाजलेला फ्लॅमेंको गिटारिस्ट तोवर झालेला होता, १९७५ ला माद्रिदच्या तेआत्रो रेआलमधे वाजवून झालं होतं, आणि तरी तो अशा जागी जाऊन बसला जिथे आपल्याला कमी येतं. मला ते आवडतं.

पण सेक्स्टेटला खोकं म्हणून हसू नका हो. ती वेगळीच गोष्ट आहे. तिथे कुस्ती नाही. रामोन आणि पेपे घरचेच, होर्खे पार्दोची बासरी, कार्लेस बेनावेंतचा बेस, रुबेम दांतास ब्राझीलचा. १९८१ चा 'सोलो किएरो कामिनार' ऐका, बासरी गायकाच्या जागी बसलीये, आणि पाको बासरीला तशीच साथ देतो जशी कामारोनला द्यायचा. म्हणजे वाद्यं बाहेरून आली पण बसायची व्यवस्था जुनीच.

निशिगंधा८२

ते खोकं म्हणजे काहोन ना? आमच्या इथे प्रत्येक कॅफेतल्या अनप्लग्ड गिगमधे एक मुलगा त्याच्यावर बसलेला असतो. मला तर वाटायचं ते स्पॅनिशच आहे.

सहावी_तार

तेच. आणि ते पेरूचं आहे, स्पेनचं नाही. पेरूमधे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी मालाच्या खोक्यांवर वाजवायला सुरुवात केली, तिथून ते वाद्य झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पाको दौऱ्यावर लिमाला गेला होता, तिथे स्पेनच्या राजदूतांच्या घरी पार्टी होती, गायिका चाबुका ग्रांदा आलेली आणि तिच्यामागे काइत्रो सोतो काहोन वाजवत होते. पाकोने ते ऐकलं आणि एक काहोन बरोबर घेऊनच आला, रुबेम दांतासच्या हातात दिला. कारण सरळ होतं. फ्लॅमेंकोत ताल देणारे म्हणजे टाळ्या, टाचा आणि बोटांच्या चुटक्या. बाँगो, कोंगा लावून बघितले होते पण त्यांचा आवाज घुमतो, कॅरिबियन वास येतो. काहोनमधे खालचा धप्प आवाज टाचेसारखा आणि वरच्या कडेचा आवाज टाळीसारखा, म्हणजे नाचणाऱ्याचे पाय आणि पाल्मास (टाळ्या) दोन्ही एकाच लाकडात सापडले. आज काहोनशिवाय फ्लॅमेंको ग्रुप शोधून दाखवा. तुमच्या कॅफेतला मुलगा त्याच पार्टीचा लांबचा वारस आहे.

मध्यलय

ही गोष्ट माहीत नव्हती. आणि कारण पटलं. नवीन वाद्य आणताना 'आवाज कुठल्या जुन्या आवाजाच्या जागी बसेल' हा विचार केला तर टिकतं.

पोटापुरता

+१. वाचनखूण साठवली.

म्हापसेकर

गिटारवाला आहे, म्हापशाजवळ एका हॉटेलात आठवड्यातून दोन रात्री वाजवतो. पर्यटक लोक फर्माईश काय करतात तर एक ते लॅटिनो पॉप नाहीतर 'स्पॅनिश काहीतरी'. मग मी रुंबा मारतो आणि सगळे खूश, कोणाला पाको माहीत नसतो, पण वाजतंय ते त्याचंच असतं. जगात कुठेही हॉटेलात 'स्पॅनिश गिटार' म्हणून जे वाजतं त्यातलं अर्धं त्याच्या रुंबावरून आलंय असं माझं ठाम मत.

वाद्याबद्दल थोडं, कारण इथे कोणी लिहिलं नाही. फ्लॅमेंको गिटार आणि क्लासिकल गिटार दिसायला सारख्याच, नायलॉनच्या तारा. पण फ्लॅमेंकोची पारंपरिक गिटार मागून-बाजूने सायप्रस लाकडाची, पातळ, हलकी, तिला ब्लांका म्हणतात. आवाज फटकन येतो आणि पटकन मरतो, नाचणाऱ्याच्या मागे तेच पाहिजे, गुंजत राहिलं तर ताल गढूळ होतो. रोजवुडवाली ती नेग्रा, तिचा आवाज गोल, जास्त टिकतो, सोलो मैफिलीला बरी. पाको माद्रिदच्या कोंदे हेर्मानोसच्या गिटारी वाजवायचा. तारा फ्रेटबोर्डच्या अगदी जवळ ठेवतात, थोडी खरखर येते, क्लासिकलवाले नाक मुरडतात पण ती खरखर हवीच असते. पुढच्या पत्र्यावर, म्हणजे लाकडावर हो, प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असते, कारण अनामिकेच्या नखाने मधे मधे ठोकायचं असतं, पट्टी नसेल तर गिटारचं भोक पडेल.

आणि बसायची पद्धत. जुने लोक गिटार उजव्या मांडीवर जवळजवळ उभी धरायचे. पाको एक पाय दुसऱ्या पायावर टाकून, गिटार आडवी, आरामात. आता सगळे तसेच बसतात. मी तसा बसलो की अर्ध्या तासात पाय झोपतो.

सहावी_तार, तुम्ही बोटं इंटरेस्टिंग नाहीत म्हणता ते सोडून बोला. पिकादो बघा त्याचा. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, प्रत्येक बोट तार मारून वरच्या तारेवर जाऊन टेकतं, अंगठा खर्जाच्या तारेवर ठेवलेला. हात हलतच नाही. क्लोजअप बघितला तर वाटतं बोटं पण हलत नाहीयेत आणि आवाज मात्र गारांसारखा. आणि आल्सापुआ, एकट्या अंगठ्याने वर-खाली-वर, तोच बेस, तोच कॉर्ड. हे मी रोज करतो आणि रोज रडतो.

सहावी_तार

हाहा, मान्य, पिकादोपुढे मी पण हात जोडतो. माझं म्हणणं एवढंच की पिकादो नंतर बऱ्याच जणांना जमला. त्याच्याहून जलद पोरं आज इंस्टावर आहेत. पण ती तान कुठल्या मात्रेवर सुरू करायची आणि कुठे सोडायची हे त्यांना पाकोसारखं सुचत नाही.

माद्रिदकर_सध्या

आयटीवाला, गेली काही वर्षं माद्रिदमधे. इथे नऊ नंबरच्या मेट्रो लाइनचं टोकाचं स्टेशन त्याच्या नावाचं आहे, २०१५ ला सुरू झालं, आत भिंतीवर त्याचं भलंमोठं रंगीबेरंगी चित्र. शेवटचं स्टेशन असल्यामुळे प्रत्येक गाडीवर पाटी 'पाको दे लुसिया', सकाळी धावत जिन्यावरून उतरताना लोक ओरडतात 'पाको आला का?'. निदान आमच्या ऑफिसातले तरी.

इथल्या लोकांशी बोलताना एक जाणवतं. इथे फ्लॅमेंकोकडे बराच काळ गरिबांचं, दारूच्या गुत्त्यातलं किंवा पर्यटकांना दाखवायचं म्हणून बघितलं गेलं. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात तर पोस्टरवर लाल झगा आणि पंखा. त्यामुळे तेआत्रो रेआलचं धागाकर्त्याने एका ओळीत लिहिलंय त्याला इथे फार किंमत आहे, ते राजेशाही ऑपेराचं घर, तिथे आल्हेसिरासच्या बाजारवाल्याचा मुलगा गिटार घेऊन बसला. २००४ ला त्याला प्रिन्स ऑफ आस्तुरियस पुरस्कार मिळाला, इथला तो मोठाच सन्मान.

आणि कोन्सिएर्तो दे आरानहुएसचा विषय कोणीच काढला नाही? क्लासिकल गिटारचं सगळ्यात प्रसिद्ध कन्चेर्तो, म्हणजे गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, होआकिन रोद्रिगोंचं. पाकोला नोटेशन येत नाही हे वर आलंच आहे. त्याने अख्खं कन्चेर्तो कानाने बसवलं, १९९१ ला ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं आणि रेकॉर्ड केलं. रोद्रिगो स्वतः समोर बसलेले, नव्वदीच्या घरातले, लहानपणापासून दृष्टी नाही. क्लासिकलवाल्यांनी नाकं मुरडली, टोन कडक आहे, फिरत रांगडी आहे वगैरे. मला तर उलट पहिल्यांदाच त्यातला ताल नीट ऐकू आला, पहिल्या भागात गिटार सुरुवातीला जे रास्गेआदो (बोटं झटकून सगळ्या तारांवर फटके) मारते ना, ते क्लासिकलवाले सुंदर वाजवतात, हा नाचायला लावतो.

आजोबांचा_मर्फी

आरानहुएस त्याचं मी ऐकलेलं आहे. तालाबद्दल बरोबर बोललात. मधला संथ भाग मात्र मला क्लासिकलवाल्यांचाच आवडतो, तिथे पाकोचा सूर लवकर तुटतो. म्हापसेकर म्हणतात तसा गिटारीचाच गुण असेल.

मध्यलय

सुरांवरून आठवलं. पेटी घेऊन बसा. फ्लॅमेंकोचा सगळ्यात कॉमन उतार म्हणजे चार कॉर्ड, ए मायनर, जी, एफ, ई. यातली शेवटची ई म्हणजे षड्ज धरा. मग मूळ स्वर काय होतात, म, कोमल ग, कोमल रे, सा. भैरवीतला उतारच की. पण ई ची कॉर्ड मेजर, म्हणजे तिथे पोचल्यावर शुद्ध गंधार लागतो. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी, म्हणजे बसंत मुखारी. एकाच वाक्यात दोन गंधार, उतरताना कोमल आणि टेकताना शुद्ध. म्हणूनच आपल्या लोकांना फ्लॅमेंको पहिल्या झटक्यात ओळखीचा वाटतो आणि मग व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तयार होतात.

भारताचा खरा धागा हवा असेल तर तो मॅक्लॉक्लिनकडून येतो. शक्ती ग्रुप १९७५ च्या सुमाराचा, झाकीरभाई, एल. शंकर, विक्कू विनायकराम. ते थांबल्यावर लगेच १९७९ ला मॅक्लॉक्लिन पाकोबरोबर वाजवायला लागले, सुरुवातीला तिसरा लॅरी कोर्येल होता, अल दि मेओला नंतर आला. म्हणजे तिहाया आणि कोनाकोल (कर्नाटकी तालाचे तोंडी बोल) डोक्यात घेऊन आलेला माणूस बारा मात्रांच्या माणसासमोर बसला. त्या दोघांचे सवालजवाब ऐका, जरा वेळाने वाटतं झाकीरभाईंच्या माहीमच्या घरातून कोणीतरी तिथे बसलंय. झाकीरभाई पण गेले १५ डिसेंबर २०२४ ला. असो.

निशिगंधा८२

अनुष्का शंकरचा पण एक अल्बम होता ना फ्लॅमेंकोवाला?

माद्रिदकर_सध्या

हो, २०११ चा 'ट्रॅव्हलर'. त्याचा प्रोड्युसर हाविएर लिमोन, ज्याने पाकोबरोबर २००४ च्या 'कोसितास बुएनास' वर काम केलं होतं. त्यात पेपे आबिचुएलाची गिटार आहे, जुन्या पठडीतला मोठा माणूस. सतार आणि गिटारची जुगलबंदी असूनही मारामारी नाही, काकांना पण आवडेल.

पोटापुरता

कामारोनचं पुढे काय झालं?

सहावी_तार

@पोटापुरता, १९७७ नंतर दोघांचं रोजचं काम थांबलं. १९७९ ला कामारोनने रॉकच्या वाटेने जाणारा अल्बम केला, पाकोशिवाय, तिथे तोमातितो गिटारवर आला आणि पुढे शेवटपर्यंत राहिला. पाको आणि कामारोन मधे मधे एकत्र यायचे. शेवटचा एकत्र अल्बम १९९२ चा, 'पोत्रो दे राबिया ई मिएल', पाको आणि तोमातितो दोघंही त्यात. २ जुलै १९९२ ला कामारोन गेला, फुफ्फुसाचा कॅन्सर, वय ४१. त्यानंतर गाण्यांच्या हक्कांच्या पैशांवरून पाकोवर जाहीर चिखलफेक झाली, जिवलग मित्र गेलाय आणि वर हे, त्याला ते फार लागलं, बराच काळ त्याने वाजवणं बंद ठेवलं.

१९९८ ला 'लुसिया' आला, आईच्या नावाचा. त्यात 'कामारोन' नावाचाच एक तुकडा आहे, रोन्देन्या प्रकारातला. रोन्देन्यात गिटारच्या दोन तारा उतरवून लावतात, त्यामुळे नेहमीचा ओळखीचा आवाज राहत नाही, सगळं धुकट, खोल. आणि शेवटाकडे पाको स्वतः गायलाय. त्याला आयुष्यभर गायकच व्हायचं होतं, बुजरेपणामुळे गिटारच्या मागे लपलो असं तो म्हणायचा. आवाज काही फार तयारीचा नाही. पण मित्रासाठी गायचं ठरवल्यावर आवाज कसा आहे ते कोण बघतं.

म्हापसेकर

तो तुकडा मी वाजवायला घेतला आणि सोडून दिला. बोटांचा प्रश्न नव्हता.

आजोबांचा_मर्फी

हा अल्बम मी ऐकलेला नाही. ऐकतो.

निशिगंधा८२

'एन्त्रे दोस आग्वास' ऐकलं. तीनदा. 'रिओ आंचो' पण. स्वयंपाक करपला नाही पण भाजीत मीठ विसरले. पुढचं सांगा.

सहावी_तार

आता 'सिरोको' घ्या, १९८७. कोणी मला एकच अल्बम ठेव म्हणालं तर मी हा ठेवेन. सेक्स्टेटच्या गडबडीनंतर तो परत एकट्या गिटारकडे आला, पण बाहेर फिरून आलेला कान घेऊन. 'ला बार्रोसा' पहिल्यांदा ऐका, आलेग्रिआस प्रकारातलं, समुद्रकिनाऱ्याच्या नावावरून, एकदम उजळ. मग 'ग्लोरिया आल निन्यो रिकार्दो', सोलेआ, लहानपणी ज्यांची कॉपी करायचा त्यांना नमस्कार, आणि त्यात एकही वाक्य त्यांची कॉपी नाही. आज विसेंते आमिगो, हेरार्दो नून्येस, निन्यो होसेले या नंतरच्या गिटारवाल्यांच्या कॉर्ड्स ऐका, त्या खिडक्या 'सिरोको' नेच उघडल्यात. पाकोच्या आधी फ्लॅमेंको गिटारवर असे कॉर्ड कोणी लावत नव्हतं, आता नवशिक्यांच्या क्लासमधे शिकवतात.

मध्यलयसाठी वेगळं, 'आल्मोराइमा' चा टायटल ट्रॅक, बुलेरिआस, सुरुवातीला अरबी ऊदसारखं काहीतरी तरंगतं आणि मग ताल पकडतो. कुठे पकडतो ते मोजून सांगा.

मध्यलय

मोजलं. बारावर पकडलाय, पण त्याआधी दोनदा हुलकावणी देतो आणि मी दोन्ही वेळा फसलो. परत लावतोय.

माद्रिदकर_सध्या

तो आल्हेसिरासलाच पुरलाय, गेला मात्र मेक्सिकोत, प्लाया देल कार्मेनला, २५ फेब्रुवारी २०१४, हृदयविकाराचा झटका, वय ६६. मुलांबरोबर समुद्रकिनाऱ्यावर होता. शेवटचा अल्बम 'कान्सिओन आंदालुसा' त्याच्या मागे बाहेर आला, लहानपणी रेडिओवर ऐकलेली जुनी कोप्ला गाणी त्याने गिटारवर घेतलीयेत. त्याला त्या वर्षीचा लॅटिन ग्रॅमीचा मुख्य पुरस्कार मिळाला. आणि मोठा मुलगा कुर्रोने बनवलेली डॉक्युमेंटरी आहे, 'ला बुस्केदा', तिला गोया म्हणजे स्पेनचा सिनेमाचा पुरस्कार मिळालाय. पाको स्वतः त्यात निवांत बसून बोलतो, विनोद करतो, रियाजाला वैतागतो. सबटायटल्स मिळतात, जरूर बघा.

भाकरवडी_फॅन

बारा मात्रा जमल्या. बायकोला पण जमल्या, माझ्या आधी. आता ती विचारतेय काहोन केवढ्याला मिळतो. म्हापसेकर, नवशिक्यांनी आत तारा लावलेला घ्यावा की साधा?

म्हापसेकर

तारवाला घ्या, फ्लॅमेंकोत तोच चालतो, खर्रर्र आवाज येतो तो त्यानेच. पेरूवाला साधा असतो. ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन वरच्या कोपऱ्यावर बोटांनी मारून बघा, टाळीसारखा वाजला तर घ्या. आणि बसून बघा, उंच माणसाला बुटका काहोन घेतला तर कंबर जाते.